हक्काकडून परवान्याकडे : एचआयव्हीवरील औषधे आणि भारतीय औषधधंदा

एचआयव्हीवरील औषधांचा इतिहास बहुधा प्रयोगशाळांचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि त्यात डेट्रॉइट, बेथेस्डा, पॅरिस ही नावे ओघानेच येतात. परंतु एखादे नवे औषध या रोगाच्या उपचारात प्रत्यक्षात किती जागा व्यापणार, हे गेल्या चाळीस वर्षांत बहुतेक वेळा कारखान्यात, पेटंट कार्यालयात आणि सरकारी खरेदीच्या निविदांमध्ये ठरत आले आहे. या दुसऱ्या इतिहासात मुंबईच्या, आणि पुढे हैदराबादच्या, औषधधंद्याचे स्थान मध्यवर्ती आहे. सहा महिन्यांतून एकदा टोचल्या जाणाऱ्या लेनाकॅपाविर या औषधाविषयी आज जे प्रश्न विचारले जातात, म्हणजे त्याची किंमत कोण ठरवणार, ते मूळ कंपनीखेरीज आणखी कोणी बनवायचे आणि कोणत्या देशांना ते मिळायचे, ते सारे या धंद्याने पूर्वी एकदा सोडवलेले आहेत. मात्र तेव्हाचे उत्तर ज्या कायद्याच्या आधारावर दिले गेले, तो कायदा आता त्या स्वरूपात उरलेला नाही.

एड्सची पहिली वैद्यकीय नोंद ५ जून १९८१ रोजी अमेरिकेत, लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या आजाराविषयीच्या एका टिपणात झाली, आणि १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी व ल्युक माँतान्ये यांच्या चमूने त्यामागचा विषाणू वेगळा काढला. हा विषाणू रेट्रोव्हायरस या गटातला आहे, म्हणजे त्याची आनुवंशिक माहिती आरएनएच्या रूपात असते आणि माणसाच्या पेशीत शिरल्यावर तो तिची डीएनएमध्ये उलट नक्कल करतो. हे काम करणारे विकर (एन्झाइम) रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज या नावाने ओळखले जाते आणि हॉवर्ड टेमिन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते १९७० मध्येच, एड्सचे नावही कोणी ऐकले नव्हते तेव्हा, शोधून काढले होते. पहिले औषध याच विकराला अडवणारे निघाले, आणि तेही नव्याने घडवलेले नव्हते. जेरोम हॉर्विट्झ यांनी १९६४ मध्ये डेट्रॉइट येथे सरकारी अनुदानातून कर्करोगासाठी तयार केलेले आणि उपयोग न झाल्याने, पेटंटही न घेता, बाजूला ठेवलेले एझेडटी, म्हणजेच झिडोव्ह्युडिन, हे संयुग अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील सॅम्युएल ब्रोडर, हिरोआकी मित्सुया आदींनी बरोज वेलकम या कंपनीच्या साहाय्याने १९८५ मध्ये एचआयव्हीविरुद्ध तपासले, आणि मार्च १९८७ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

मान्यतेच्या वेळी या औषधाची मात्रा दर चार तासांनी २०० मिलिग्रॅम अशी होती. रुग्णांना रात्रीही उठून ते घ्यावे लागे आणि त्यासाठी वेळेवर वाजणाऱ्या डब्या वापराव्या लागत. वर्षाचा हिशेब केला तर एका माणसाच्या पोटात सुमारे ४३८ ग्रॅम औषध जात असे. उपचाराचा वार्षिक खर्च १०,००० डॉलरांच्या आसपास होता, आणि ज्या संयुगाचा शोध सार्वजनिक पैशातून लागला होता त्यासाठी एवढी किंमत का, हा प्रश्न अमेरिकेतील रुग्णांनीच प्रथम विचारला. १४ सप्टेंबर १९८९ रोजी ॲक्ट अप या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात शिरून निदर्शने केली आणि काही दिवसांतच कंपनीने किंमत २० टक्क्यांनी उतरवली. पुढील तीस वर्षांत या औषधांच्या किमती जेव्हा जेव्हा खाली आल्या, तेव्हा उत्पादन स्वस्त झाल्याइतकाच अशा दबावाचाही त्यात वाटा होता.

भारतात या विषाणूचे अस्तित्व १९८६ मध्ये चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीतून सिद्ध झाले. त्यानंतरच्या काही वर्षांतील सरकारी धोरण औषधोपचाराचे नव्हते. ते तपासणीचे आणि धास्तीचे होते. गोव्यात सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून बाधितांना सक्तीने अलग ठेवण्याचा अधिकार सरकारने घेतला होता, आणि १९८९ मध्ये त्याच अधिकाराखाली एका तरुणाला ६४ दिवस कोंडून ठेवण्यात आले. मुंबईत रोगाचा प्रसार सर्वांत वेगाने होत होता, आणि तिथल्या रुग्णालयांत संधिसाधू संसर्गांवर, म्हणजे प्रतिकारशक्ती ढासळल्यामुळे जडणाऱ्या क्षयासारख्या रोगांवर, उपचार करण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते.

याच काळात मुंबईच्या औषधधंद्याच्या हाती मात्र एक असाधारण सवलत होती, आणि ती समजून घेण्यासाठी मागे जावे लागते. स्वातंत्र्यानंतरही भारतात १९११ चा पेटंट कायदा लागू होता, त्याखाली पेटंटाची मुदत १६ वर्षांची होती आणि औषधांची बहुसंख्य पेटंटे परदेशी कंपन्यांकडे होती; त्या कंपन्या बरीच औषधे येथे बनवत नसत, पण इतरांनाही बनवू देत नसत. न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये सादर केलेल्या अहवालात या स्थितीची चिकित्सा केली आणि औषधांना उत्पादन पेटंट देऊ नये, केवळ प्रक्रिया पेटंट द्यावे, अशी भूमिका मांडली. उत्पादन पेटंटात तो पदार्थच एका कंपनीचा होतो, मग तो कोणी कोणत्याही रीतीने बनवो. प्रक्रिया पेटंटात केवळ बनवण्याची विशिष्ट रीत राखीव होते आणि दुसऱ्या रीतीने तोच पदार्थ बनवणाऱ्याला मोकळीक राहते. हे तत्त्व १९७० च्या पेटंट कायद्यात आले आणि २० एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. औषधांच्या प्रक्रिया पेटंटाची मुदत त्याने पेटंट दिल्यापासून पाच वर्षे किंवा अर्जापासून सात वर्षे, यांपैकी जी कमी ती, एवढी खाली आणली. मे १९८१ मध्ये जिनिव्हा येथील जागतिक आरोग्य सभेत इंदिरा गांधींनी वैद्यकीय शोध पेटंटमुक्त असावेत अशी अपेक्षा व्यक्त केली, तेव्हा त्या प्रत्यक्षात आपल्या देशाच्या कायद्याचेच तत्त्व जगापुढे मांडत होत्या.

कायदा एकट्याने औषधे बनवत नाही. रसायनशास्त्राची जाण, यंत्रसामग्री आणि माणसे लागतात, आणि ती महाराष्ट्रात आधीपासून जमत आली होती. परळची हाफकिन संस्था, १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीला उभी राहिलेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आणि मुंबईतल्या खाजगी कंपन्या हा त्या परंपरेचा पाया होता. त्यांपैकी सिप्ला ही कंपनी ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये स्थापन केली. गांधीजींनी १९३९ मध्ये तिला भेट दिली होती, आणि संस्थापकांचे केंब्रिजमध्ये रसायनशास्त्र शिकलेले पुत्र युसूफ हमीद १९६० मध्ये तिच्यात दाखल झाले. कंपनीचे कार्यालय दीर्घकाळ मुंबई सेंट्रलच्या बेलासिस रोडवर होते. हा तपशील नुसता पत्त्यापुरता नाही, कारण या रस्त्याच्या एका अंगाला कामाठीपुरा आहे आणि पुढे भायखळ्याला सर ज. जी. रुग्णालय, म्हणजे ज्या वस्तीत रोगाने सर्वांत आधी ठाण मांडले, जिथे रुग्ण दाखल होत होते आणि जिथून पुढे जगभर औषध गेले, ती तिन्ही ठिकाणे दोन-अडीच किलोमीटरच्या परिघात होती. ती एकमेकांपर्यंत पोचायला मात्र दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत डॉ. ए. व्ही. रामा राव यांच्या मार्गदर्शनाखाली एझेडटी बनवण्याची स्वतंत्र प्रक्रिया विकसित झाली आणि तिच्या आधारे सिप्लाने १९९३ मध्ये झिडोव्हिर या नावाने ते औषध बाजारात आणले. किंमत दिवसाला सुमारे दोन डॉलर, म्हणजे परदेशी किमतीच्या कितीतरी खाली होती. तरीही तेव्हाच्या विनिमय दराने वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक खर्च होत होता, आणि सरकार औषध विकत घेऊन वाटण्यास तयार नसल्याने ते फारसे खपले नाही. शिवाय ते आले तेही अवघड वेळी. त्याच वर्षी ब्रिटन व फ्रान्समधील काँकर्ड चाचणीचे प्राथमिक निष्कर्ष जाहीर झाले आणि लक्षणे नसलेल्या बाधितांना एकट्या एझेडटीने दीर्घकाळ लाभ होत नाही, हे स्पष्ट झाले. हा विषाणू आपली नक्कल करताना सतत चुका करतो, त्या चुकांतून औषधाला दाद न देणारे प्रकार तयार होतात, आणि एकच औषध चालू असेल तर काही महिन्यांत तेच प्रकार शरीरात प्रबळ ठरतात. भारतीय धंद्याने पहिले औषध स्वस्तात बनवून दाखवले खरे, पण तोवर ते औषध एकट्याने पुरेसे नाही हे जगाला कळून चुकले होते.

कलाटणी १९९६ मध्ये मिळाली. डिसेंबर १९९५ पासून प्रोटीएज रोधक या नव्या गटातील औषधांना मान्यता मिळू लागली होती. नवे विषाणू पेशीतून बाहेर पडताना त्यांची प्रथिने कापून जुळवणाऱ्या प्रोटीएज या विकराला ती रोखतात. तीन औषधे एकदम दिली, तर तिन्हींना एकाच वेळी दाद न देणारा प्रकार निर्माण होण्याची शक्यता अतिशय कमी होते आणि रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजता न येण्याइतके घटते, हे जुलै १९९६ मधील व्हँकूव्हरच्या परिषदेत मांडले गेले. श्रीमंत देशांत मृत्यूंचे प्रमाण पुढच्या दोन वर्षांतच झपाट्याने कोसळले. या त्रिऔषधी उपचाराचा खर्च माणशी वर्षाला १०,००० ते १५,००० डॉलर होता, आणि जगातील बहुसंख्य बाधित ज्या आफ्रिकेत होते तिथे तो कोणाच्याच आवाक्यातला नव्हता. दरम्यान नेव्हिरापिन हे वेगळ्या रचनेचे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज रोधकही उपलब्ध झाले होते, त्यामुळे महाग प्रोटीएज रोधक टाळूनही तीन औषधांची जुळणी करणे शक्य होते. भारतीय कंपन्यांच्या पुढच्या वाटचालीला ही गोष्ट निर्णायक ठरली.

२८ सप्टेंबर २००० रोजी ब्रसेल्स येथे युरोपीय आयोगाने भरवलेल्या बैठकीत युसूफ हमीद यांनी तीन प्रस्ताव ठेवले : तीन औषधांचा उपचार वर्षाला ८०० डॉलरांत देणे, औषधे स्वतः बनवू इच्छिणाऱ्या देशांना तंत्रज्ञान विनामूल्य पुरवणे आणि आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखण्यासाठी नेव्हिरापिन फुकट देणे. सभागृहात बड्या कंपन्यांचे प्रतिनिधी आणि सरकारांचे अधिकारी उपस्थित होते. प्रस्ताव स्वीकारायला कोणी पुढे आले नाही. त्यानंतर स्वस्त औषधांचे अमेरिकेतील पुरस्कर्ते जेम्स लव्ह व विल्यम हॅडड आणि मेदसाँ साँ फ्राँतिएर ही डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संस्था यांच्याशी झालेल्या बोलण्यांतून फेब्रुवारी २००१ मध्ये नवा आकडा पुढे आला : औषध फुकट वाटण्याच्या अटीवर त्या संस्थेला वर्षाला ३५० डॉलर आणि सरकारांना ६०० डॉलर. दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी, ही गोष्ट न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर छापून आली, आणि औषधाची किंमत संशोधनखर्चामुळेच एवढी आहे, या आजवरच्या उत्तरावरचा विश्वास उडाला. हमीद यांच्या परोपकाराविषयी तेव्हापासून बरेच लिहिले गेले आहे. त्यांच्यावर स्वार्थाचा आरोपही झाला. परंतु ३५० डॉलरांचा आकडा हा मुख्यतः पुरावा होता, म्हणजे कच्चा माल, मजुरी आणि माफक नफा धरून हे औषध किती रुपयांत तयार होते याचा उघड हिशेब होता, आणि म्हणूनच त्याचा परिणाम कोणत्याही देणगीपेक्षा मोठा झाला.

परिणाम किती लवकर झाला, हे त्याच वर्षीच्या दक्षिण आफ्रिकेतील घटनांवरून दिसते. स्वस्त औषधे आयात करण्याची मुभा देणाऱ्या तेथील १९९७ च्या कायद्याविरुद्ध ३९ औषध कंपन्या न्यायालयात गेल्या होत्या. ५ मार्च २००१ रोजी प्रिटोरियात सुनावणी सुरू झाली, झॅकी अखमत यांच्या ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन या संघटनेने न्यायालयात आणि रस्त्यावर विरोध उभा केला, आणि १९ एप्रिलला कंपन्यांनी खटला मागे घेतला. नोव्हेंबरमध्ये दोहा येथे जागतिक व्यापार संघटनेने जाहीरनामा काढून पेटंटविषयक करार सार्वजनिक आरोग्याच्या आड येऊ नये, हे मान्य केले. याच सुमारास अमेरिकी मदत संस्थेचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिऑस यांनी असे विधान केले होते की आफ्रिकेतील लोकांना घड्याळी वेळेची सवय नसल्याने त्यांना ही औषधे वेळेवर घेता येणार नाहीत. त्या विधानावर पुष्कळ टीका झाली, पण सर्वांत नेमके उत्तर मुंबईच्या सिप्लाकडून आले.

ते उत्तर म्हणजे ट्रायोम्यून : स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिन ही तिन्ही औषधे ठरावीक प्रमाणात एकत्र केलेली एकच गोळी, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. आज अशी संयुक्त गोळी स्वाभाविक वाटते, पण २००१ मध्ये ती पश्चिमेत बनणे जवळजवळ अशक्य होते, कारण ही तीन औषधे अनुक्रमे ब्रिस्टल-मायर्स स्क्विब, ग्लॅक्सो आणि बोरिंगर इंगेलहाइम अशा तीन वेगळ्या कंपन्यांच्या हाती होती आणि तिघींनी एकमेकींशी करार केल्याखेरीज ती एका गोळीत येऊ शकत नव्हती. भारतात उत्पादन पेटंटच नसल्याने औषधनिर्मात्याला केवळ रसायनशास्त्राचा प्रश्न सोडवायचा होता. म्हणजेच १९७० च्या कायद्याने भारतीय धंद्याला स्वस्त नक्कल करण्याची सोय तर दिलीच, शिवाय मूळ कंपन्यांना न जमलेली वस्तू निर्माण करण्याचीही सोय दिली, आणि नक्कलखोरीच्या आरोपात ही दुसरी बाजू सहसा झाकली जाते. स्टॅव्ह्युडिनची मात्रा रुग्णाच्या वजनावर ठरत असल्याने गोळी ३० आणि ४० अशा दोन प्रकारांत निघे, तर नेव्हिरापिनमुळे उठणारे पुरळ टाळण्यासाठी पहिले दोन आठवडे त्याची निम्मीच मात्रा द्यावी लागे. कॅमेरूनची राजधानी याउंदे येथे ६० रुग्णांवर झालेला या गोळीचा अभ्यास २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला आणि तिची परिणामकारकता मूळ औषधांच्या तोडीची असल्याचे दिसून आले.

या गोळीचे गुणगान करताना तिची किंमत दुसऱ्या अर्थानेही सांगायला हवी. स्टॅव्ह्युडिन हे सर्वांत स्वस्त होते, पण दीर्घकाळ घेतल्यावर त्याने हातापायांच्या नसांना इजा होई आणि गालांवरची, दंडांवरची चरबी झडून चेहरा ओळखू येईनासा होई, त्यामुळे लपवलेला आजार चारचौघांत उघड होण्याची भीती रुग्णांना वाटे. श्रीमंत देशांनी ते लवकर सोडले. जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस २००९ मध्ये केली. गुणवत्तेचा प्रश्नही उभा राहिला : २००४ मध्ये, शरीरातील शोषणाच्या चाचण्या करणाऱ्या बाहेरच्या प्रयोगशाळेच्या कामात त्रुटी आढळल्यामुळे, सिप्लाची दोन औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वमान्यता यादीतून काढली गेली आणि त्या वर्षअखेरीस पुन्हा यादीत घेतली गेली. बड्या कंपन्यांनी या प्रसंगाचे भांडवल केले. पण भारतीय कारखान्यांना आंतरराष्ट्रीय तपासणीची शिस्त लागली ती याच काळात.

सर्वांत विचित्र गोष्ट अशी की ज्या देशात ही औषधे बनत होती, त्या देशाच्या सरकारने ती बऱ्याच उशिरा घेतली. तत्कालीन आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी २००३ च्या अखेरीस घोषणा केली आणि १ एप्रिल २००४ पासून आठ सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार सुरू झाला. महाराष्ट्रात त्याचा आरंभ ज. जी. रुग्णालयात झाला. नंतर एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचाराचे केंद्र, हे नाव जिल्ह्याजिल्ह्यांत रूढ झाले आणि दर महिन्याला तिथे गोळ्या घ्यायला जाणे हा राज्यातल्या लाखो कुटुंबांच्या आयुष्याचा भाग बनला. उपचाराने संसर्गही थांबतो, हे २०११ मध्ये सिद्ध करणाऱ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचा सहभाग होता. बाधित जोडीदाराला लवकर औषधे दिल्यास दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असा तिचा निष्कर्ष होता.

मोफत उपचार सुरू झाला तोवर धंद्याचे केंद्र हैदराबादकडे सरकू लागले होते. आयडीपीएल या सरकारी औषधकंपनीच्या तेथील कारखान्यात तयार झालेल्या रसायनतज्ज्ञांच्या पिढीने मूळ औषधद्रव्ये, धंद्याच्या भाषेत बल्क ड्रग, बनवणाऱ्या कंपन्या उभारल्या होत्या. आयडीपीएलमध्ये काम केलेल्या के. अंजी रेड्डी यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेली डॉ. रेड्डीज ही त्यांतलीच, आणि हेटेरो, अरबिंदो, मॅट्रिक्स या कंपन्यांनी एचआयव्हीच्या औषधांत मुंबईला गाठले. ऑक्टोबर २००३ मध्ये क्लिंटन प्रतिष्ठानच्या मध्यस्थीने त्रिऔषधी उपचाराची किंमत वर्षाला १४० डॉलरांपर्यंत उतरली. विकसनशील देशांसाठी दात्यांच्या पैशातून खरेदी होणाऱ्या या औषधांपैकी ८० टक्क्यांहून अधिक भारतीय बनावटीची असत.

१ जानेवारी २००५ पासून मात्र पाया बदलला. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारानुसार, म्हणजे बौद्धिक संपदाहक्कांविषयीच्या करारानुसार, भारताला औषधांवर उत्पादन पेटंट देणे भाग पडले. संसदेने दोन तरतुदींनी त्याची धार कमी केली : कलम ३(ड) नुसार जुन्याच पदार्थाच्या नव्या रूपाला, त्याने परिणामकारकता वाढल्याचे दाखवल्याखेरीज, पेटंट मिळत नाही, आणि पेटंट मंजूर होण्याआधी कोणालाही त्याविरुद्ध हरकत घेता येते. रुग्णांच्या संघटनांनी या हरकतींचा चिवट उपयोग केला, आणि २००९ मध्ये टेनोफोविर या एचआयव्हीवरील औषधाच्या पेटंटासाठीचे अर्ज फेटाळले गेले. तरीही मूळ प्रवाह वेगळ्या दिशेने वाहू लागला होता. गिलियड या अमेरिकी कंपनीने २००६ पासून भारतीय कंपन्यांना परवाने देण्यास आरंभ केला. २०१० मध्ये मेडिसिन्स पेटंट पूल ही संस्था निघाली, जी मूळ कंपनीकडून परवाना घेऊन तो जेनेरिक उत्पादकांना देते. २०१३ मध्ये मान्यता मिळालेले डोल्युटेग्राविर याच मार्गाने आले. विषाणूचा डीएनए माणसाच्या डीएनएत सांधणाऱ्या इंटिग्रेज या विकराला ते अडवते, त्याला सहजासहजी विषाणूचा प्रतिरोध निर्माण होत नाही, आणि दिवसाला अवघे ५० मिलिग्रॅम पुरते. आधीच्या प्रचलित गोळीतील एफाविरेन्झ ६०० मिलिग्रॅम लागत असे, त्यामुळे नवे औषध उत्पादकालाही परवडले. टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर यांच्या संयुक्त गोळीची किंमत २०१७ च्या करारात वर्षाला ७५ डॉलर ठरली आणि २०२३ मध्ये ती ४५ डॉलरांच्या खाली गेली. परवानाधारकांच्या यादीत सिप्लाही होती.

लेनाकॅपाविर या परंपरेत बसते, पण तिची मर्यादाही दाखवते. विषाणूची आनुवंशिक माहिती सुमारे १,५०० प्रथिनरेणूंनी बनलेल्या शंक्वाकार कवचात असते. पेशीत शिरल्यावर हे कवच योग्य वेळी सुटावे लागते आणि नवे विषाणू तयार होताना ते नीट जुळावे लागते. लेनाकॅपाविर या कवचालाच चिकटते आणि दोन्ही टप्पे बिघडवते. आधीच्या बहुतेक औषधांचे लक्ष्य विकरे असल्याने, त्यांना दाद न देणारा विषाणूही या औषधापुढे नमतो. म्हणून २०२२ मध्ये युरोपात आणि अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती अनेक औषधांना न जुमानणाऱ्या संसर्गासाठी, अन्य औषधांच्या जोडीने. कॅपेला या ७२ रुग्णांच्या चाचणीत, पहिल्या दोन आठवड्यांत, ते मिळालेल्या ८८ टक्के रुग्णांच्या रक्तातील विषाणू ठळकपणे घटला. औषधाऐवजी निष्क्रिय गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. सर्वसाधारण उपचारात मात्र त्याची जागा अजून अरुंद आहे. एकट्याने दिलेले औषध कसे निकामी होते, हे एझेडटीने शिकवलेले आहे, आणि सहा महिने टिकणारा तुल्यबळ जोडीदार नसेल तर इंजेक्शन घेतलेल्या रुग्णाला रोजची दुसरी गोळी चुकत नाही. त्याची मोठी भूमिका आज प्रतिबंधाची आहे : दक्षिण आफ्रिका व युगांडातील तरुणींवरच्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. वर्षाला दोनदा पोटाच्या त्वचेखाली दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांतून जेमतेम १.८५ ग्रॅम औषध जाते. एझेडटीच्या ४३८ ग्रॅमांशी त्याची तुलना केली, तर चाळीस वर्षांतले रसायनशास्त्र किती पुढे गेले हे दिसते, आणि उत्पादनखर्च कमी होण्याला किती वाव आहे हेही.

अमेरिकेत जून २०२५ मध्ये प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली तेव्हा जाहीर झालेली किंमत वर्षाला २८,२१८ डॉलर होती. त्याआधी, २ ऑक्टोबर २०२४ रोजी, गिलियडने सहा उत्पादकांना १२० देशांसाठी परवाने दिले. त्यांत हैदराबादच्या डॉ. रेड्डीज व हेटेरो, मायलन आणि १९८१ मध्ये स्थापन झालेली पुण्याची एमक्युअर आहेत, आणि इजिप्त व पाकिस्तान येथील एकेक कंपनी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये डॉ. रेड्डीज आणि हेटेरो यांच्याबरोबर झालेल्या दोन स्वतंत्र करारांत २०२७ पासूनची किंमत माणशी वर्षाला ४० डॉलर ठरली. वेग पाहिला तर हे २००१ पेक्षा सरस आहे, कारण तेव्हा जगाला आकडा ऐकवण्यासाठीच चौदा वर्षे गेली होती. पण तेव्हा सिप्लाला ग्राहक निवडण्याची मोकळीक होती आणि आता ती यादी परवाना देणारी कंपनी तयार करते. ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको आणि पेरू या देशांत या औषधाची आणखी एक चाचणी झाली, तेथील माणसांनी तिच्यात भाग घेतला, आणि तरीही हे चारही देश १२० च्या यादीत नाहीत. त्यांना जेनेरिक औषध भारतातून मिळण्याचा एक मार्ग भारतातील पेटंट अर्जांच्या निकालातून जातो. लेनाकॅपाविरच्या लवणरूपांवरील, म्हणजे तेच द्रव्य वेगळ्या क्षाराच्या स्वरूपात मांडणाऱ्या, अर्जांना मुंबईत व्यसनाधीन लोकांसाठी काम करणाऱ्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने हरकत घेतली आहे. भारतात अशी पेटंटे उभी राहिली नाहीत, तर परवान्याच्या यादीत नसलेल्या उत्पादकालाही, जिथे त्या देशाचे स्वतःचे पेटंट आड येत नाही किंवा तेथील सरकारने सक्तीचा परवाना दिला आहे, तिथे हे औषध विकता येईल.